कुडाळहून न्यूयॉर्क: मुंबईचे थेट विमान की मोपाहून दोहामार्गे?

आमच्या कुडाळ-सावंतवाडी भागातल्या ज्या आईवडिलांची मुले न्यूयॉर्क किंवा न्यूजर्सीकडे स्थायिक झाली आहेत, त्यांच्यापुढे तिकीट काढण्याच्या वेळी आता एक खरा पर्याय उभा असतो. पूर्वी तो नव्हता. अमेरिकेला जायचे म्हणजे आधी मुंबईला जायचे, हे इतके ठरलेले होते की त्याचा कोणी वेगळा विचारही करत नसे. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातल्या मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने सुटू लागली आणि २० जून २०२४ पासून कतार एअरवेजने आपली गोव्याची सेवा दाबोळीहून तिथे हलवली. त्यामुळे घरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर दोहाचे विमान आणि दोहाहून पुढे न्यूयॉर्कचे, अशी सोय झाली. मी आणि माझी पत्नी मे २०२३ मध्ये मुंबईहून थेट विमानाने गेलो आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मोपाहून दोहामार्गे. दोन्ही वेळा गेलो त्याच मार्गाने परतलो. दोन प्रवासांवरून नियम बांधू नये हे मला मान्य आहे, परंतु साठी ओलांडलेल्या माणसाला दहा वेळा जाऊन सरासरी काढणेही शक्य नसते, तेव्हा वाचकांनी पुढील मजकूर एका घरचा अनुभव म्हणूनच घ्यावा.

आयुष्यभर भूगोल शिकवला असल्यामुळे सुरुवात अंतरापासून करतो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ पश्चिमेकडे जात नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशाने मुलांची आणि मोठ्यांचीही जी समजूत करून दिलेली असते, ती इथे चुकते. दोरा वायव्येकडे चढतो, मध्य आशिया आणि रशियावरून स्वीडन-नॉर्वेकडे जातो, आइसलंडच्या आसपास जवळजवळ ६५ उत्तर अक्षांशाला पोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडामार्गे खाली उतरतो. या मार्गाने मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. मोपा ते दोहा सुमारे २,५४० आणि दोहा ते न्यूयॉर्क सुमारे १०,७७०, म्हणजे दोहामार्गे एकूण १३,३१० किलोमीटर होतात. लंडनमार्गे जाणाऱ्याचेही १२,७५० च्या घरात जातात. तात्पर्य, इतक्या लांबच्या पल्ल्यात मध्ये कुठेतरी थांबल्याने वाट जितकी वाकडी होईल असे वाटते तितकी ती होत नाही.

त्यातही एक गोष्ट आपण कोकणातली माणसे विसरतो. आपला प्रवास मुंबईत सुरू होत नाही. मोपा ते मुंबई हे हवाई अंतरच सुमारे ३९० किलोमीटर आहे, ते मुंबईच्या १२,५४० मध्ये मिळवले की १२,९३० होतात, आणि मग दोहाचा मार्ग त्यापेक्षा जेमतेम ३८० किलोमीटरने लांब ठरतो. जेट विमानाला हे अंतर अर्ध्या तासाचे आहे. अंतराच्या मुद्द्यावर निवड करायची असेल, तर ती नाणे उडवून केली तरी चालेल.

वेळेचे तसे नाही. मुंबईहून थेट विमानाला न्यूयॉर्क गाठायला सुमारे सोळा तास लागतात. येताना तेच विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोचते, कारण त्या अक्षांशांवर उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते जाताना समोरून लागतात आणि येताना पाठीशी असतात. मोपा ते दोहा चार तास आणि दोहा ते न्यूयॉर्क चौदा तास, मध्ये आमच्या वेळी अडीच तासांचा थांबा होता, म्हणजे पहिले विमान सुटल्यापासून शेवटचे टेकेपर्यंत साडेवीस तास. कागदावर थेट विमान साडेचार तासांनी सरस आहे आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाने यापुढे वाचले नाही तरी त्याचे काही बिघडणार नाही.

एक बाब मात्र त्यालाही सांगायला हवी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. त्याचा सर्वाधिक फटका दिल्लीहून सुटणाऱ्या अमेरिकेच्या विमानांना बसला, त्यांतल्या काहींना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. मुंबईला त्या मानाने कमी त्रास झाला, तरी पृथ्वीगोलावर मी जो दोरा ताणला तो बरोबर त्याच आकाशातून जातो, आणि ते टाळायचे तर भारतीय विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळावे लागते. म्हणजे थेट विमानाचीही सुरुवातीची वाट आखाताच्या दिशेनेच होते. ज्यांना 'थेट' या शब्दाचे आकर्षण आहे, त्यांनी तिकीट काढताना त्या दिवशीचा प्रत्यक्ष वेळ पाहावा, दोन-तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलेला धरू नये.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत अधिक खटकली आणि जिच्यामुळे माझा कौल फिरला, तिच्याकडे वळतो. ती विमानात नव्हतीच. ती होती मुंबईतला मधला दिवस.

आमचे थेट विमान बुधवारची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे गुरुवार लागल्यावर रात्री दीड वाजता होते. ही वेळ अपवादात्मक नाही. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. विमानतळावर रात्री नऊ-साडेनऊला पोचायला हवे. आता कुडाळहून निघणाऱ्याने हे कसे जमवावे? सकाळी निघणारी रेल्वेगाडी रात्री दहाच्या सुमारास मुंबईला टेकते, ती वेळेवर आली तर. आणि एकेरी मार्गावर पुढच्या गाडीला वाट देत उभे राहण्याचे प्रसंग ज्याने पाहिले आहेत, तो त्या गाडीच्या भरवशावर अमेरिकेचे तिकीट काढणार नाही. मे २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झालेली नव्हती, ती त्याच वर्षी २७ जूनला सुरू झाली, पण तीही मडगावहून दुपारी निघून रात्री दहानंतरच मुंबईला पोचते, त्यामुळे या कामी तिचा उपयोग नाही. रस्त्याने जावे तर साडेचारशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास, आणि महामार्गाबद्दल इथल्या वाचकांना मी काय सांगावे. राहता राहिली आदल्या रात्रीची गाडी. म्हणून आम्ही मंगळवारी संध्याकाळी साडेसातला घर सोडले.

ठाण्याला पहाटे पाचच्या आत उतरलो. उतरलो म्हणजे काय झाले, तेही सांगतो. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोच्या आतबाहेरच्या. घरी हुकाचा वजनकाटा छताच्या वाशाला अडकवून मी त्या मोजल्या होत्या. शिवाय दोन हातातल्या. गाडीचा थांबा मोजून दोन-तीन मिनिटांचा. डब्याच्या दारापर्यंत बॅगा आणण्यासाठी आम्ही साडेचारपासून उभे होतो, आणि दारात आधीच कोणाच्या तरी आंब्याच्या पेट्या रचलेल्या होत्या. पेट्यांचा मालक झोपेत, पेट्यांवर पाय ठेवणे मनाला पटत नाही, आणि गाडी तर थांबलेली. शेवटी एका अनोळखी तरुणाने खाली उतरून एकेक बॅग झेलली. चौथ्या बॅगेचे एक चाक फलाटाच्या कडेवर आपटून निखळले आणि पुढचा सगळा प्रवास ती बॅग तीन चाकांवर, एका बाजूला कलत, खरवडल्यासारखा आवाज करत आमच्या मागे आली.

त्यानंतर डोंबिवलीला भाच्याकडे. भाचा आणि त्याची बायको दोघेही नोकरी करणारी. त्यांनी आग्रहाने बोलावले होते आणि त्यांच्या आदरातिथ्यात काडीची उणीव नव्हती. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार बॅगा पहाटे वर चढल्या आणि संध्याकाळी सहाला खाली उतरल्या. मधल्या वेळात दोघे कामावर गेले, आम्ही परक्या घरात, परक्या वेळेला, अंथरूण घालावे की नको या संकोचात बसून राहिलो. झोप लागत नाही, कारण प्रवास डोक्यात असतो. बाहेर पडवत नाही, कारण सामान घरात असते आणि किल्ली कोणाकडे द्यायची ते ठरलेले नसते. दुपारी पत्नीने सहज विचारले, आपण अजून निघालोच नाही असे वाटते ना? माझ्या मनातलेच ती बोलली होती. घर सोडून तोवर अठरा तास झाले होते आणि आमचे तोंड अजून अमेरिकेकडे वळलेले नव्हते.

संध्याकाळी टॅक्सीने विमानतळ. रांगा, वजन, आणि आमच्या घरच्या काट्यापेक्षा तिथला काटा एका बॅगेत दीड किलो जास्त दाखवत असल्यामुळे ती फरशीवर उघडून कुळथाच्या पिठाची एक आणि आमसुलांची एक अशा दोन पिशव्या हातातल्या बॅगेत हलवणे, हे सगळे यथासांग पार पडले. विमान दीडला सुटले तेव्हा आम्हाला घर सोडून तीस तास झाले होते. त्यात पुढचे सोळा मिळवा. सकाळी आठला न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा बेरीज शेहेचाळीस तासांची झाली होती, आणि त्यातले प्रत्यक्ष उडण्याचे तास फक्त सोळा.

विमानाबद्दल माझी तक्रार नाही. एकदा जागेवर बसले की सोळा तास कुठे बदलायचे नाही, कुठला दरवाजा शोधायचा नाही, हे सुख मोठे आहे, विशेषतः ज्यांना इंग्रजी बोलायची सवय नाही किंवा रात्री औषधे वेळेवर घ्यावी लागतात त्यांच्यासाठी. पत्नीच्या गुडघ्याला मात्र ते सलग बसणे मानवले नाही. दहाव्या-अकराव्या तासानंतर ती दर अर्ध्या तासाने उठून मागच्या बाजूला उभी राहत होती. न्यूयॉर्कला सकाळी आठला उतरणे हेही दिसायला चांगले, सोसायला कठीण. शरीर म्हणते संध्याकाळचे साडेपाच झाले आणि समोर अख्खा दिवस पडलेला असतो. जावयाला त्या दिवशी सकाळची रजा काढावी लागली, ते त्याने बोलून दाखवले नाही, एवढेच.

दुसऱ्या वेळी मोपा आम्ही विचारपूर्वक निवडला असे सांगितले तर ते खोटे ठरेल. गौरी-गणपती आटोपल्यावर निघायचे ठरले होते, आणि त्या दिवसांत चाकरमान्यांच्या परतीच्या गर्दीत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचे आरक्षण मिळणे म्हणजे काय, हे कोकणात कोणाला सांगायला नको. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे आणि पहिल्याच सकाळी प्रतीक्षायादी तीन आकडी होई. त्या वर्षीचा पाऊसही लक्षात होता. जुलैमध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्याने गाड्या थांबल्या आणि चारच दिवसांनी खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळून मार्ग पुन्हा बंद पडला. अशा परिस्थितीत मुलीनेच तिकडून मोपा-दोहा-न्यूयॉर्क असे एकच तिकीट काढून पाठवले. मला विमान बदलण्याची धास्ती होती, ती मी दोन दिवस बोलूनही दाखवली.

रविवारी नेहमीप्रमाणे रात्रीचे जेवण घरी झाले. देवापुढे दिवा लावला, भांडी घासून पालथी घातली, आणि साडेअकराला आमच्या वाडीतल्याच गाडीवाल्याने अंगणात गाडी लावली. बॅगा डिकीत ठेवताना तो म्हणाला, "गुरुजी, घरच हलवतास की काय?" झाराप, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी आणि धारगळहून विमानतळाकडे जाणारा जोडरस्ता, असे तासाभरात पोचलो. बॅगा डिकीतून निघाल्या त्या थेट काउंटरवर गेल्या. मध्ये एकही जिना नाही, फलाट नाही, दुसऱ्याचे घर नाही. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सांगितले की या आता न्यूयॉर्कलाच मिळतील. ते ऐकून मला जे वाटले, त्याचे मोजमाप मी देऊ शकत नाही, पण तिकिटाच्या दरातला थोडाफार फरक त्यापुढे मी विचारात घेणार नाही.

विमान पहाटे चारला सुटले, दोहाला स्थानिक वेळेनुसार साडेपाचला पोचले. तिथे मध्यभागी एक प्रचंड पिवळे अस्वल बसलेले आहे, डोक्यात दिवा खुपसलेले. त्याला वाटेची खूण धरली की विमानतळाची रचना समजते. आतल्या आत एक छोटी रेल्वेगाडीही आहे. पत्नीसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, ती विमानाच्या दारातच आली आणि तिच्या मागोमाग जाताना दरवाजा शोधण्याची माझी धास्ती आपोआप संपली. अमेरिकेच्या विमानासाठी दरवाज्यापाशी पुन्हा एकदा तपासणी होते, बूट-पट्टे काढावे लागतात, त्यासाठी पाऊण तास हाताशी ठेवावा. उरलेल्या वेळात आम्ही घरून आणलेल्या घावन्यांचा डबा उघडला. त्या अडीच तासांच्या चालण्या-फिरण्याने गुडघ्याला जो आराम मिळाला, तो पुढचे चौदा तास टिकला असे पत्नीचे म्हणणे आहे; यात वैद्यकीय तथ्य किती, हे मी सांगू शकत नाही.

न्यूयॉर्कला दुपारी तीनला उतरलो. घर सोडल्यापासून पंचवीस तास. पहिल्या वेळी शेहेचाळीस. दुपारी उतरण्याचा आणखी एक फायदा असा की घरी पोचेपर्यंत संध्याकाळ होते, जेवून झोपता येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस निदान तिथल्या घड्याळाच्या जवळपास जागा होतो.

इथे कोणी जाणकार वाचक म्हणेल की रेल्वेचा हट्ट कशाला, मोपाहूनच संध्याकाळच्या देशांतर्गत विमानाने मुंबईला जावे आणि तिथून थेट विमान धरावे. आक्षेप योग्य आहे आणि मी त्याचा हिशेब करून पाहिला आहे. दुपारी चारला घर सोडले, सातच्या विमानाने सव्वाआठला मुंबई, दीडचे थेट विमान. न्यूयॉर्कपर्यंत सव्वीस तासांच्या आत. म्हणजे वेळ जवळजवळ दोहाइतकाच. अडचण सामानाची आहे. देशांतर्गत तिकीट वेगळे काढले असेल तर साधारणपणे माणशी पंधरा किलोचीच मुभा असते, आणि दोघांचे ब्याण्णव किलो सामान तीस किलोत बसत नाही. जादा वजनाचे पैसे भरताना थेट विमानाची हौस फिटते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर ही अडचण येत नाही, पण तसे जोडतिकीट सोयीच्या वेळेचे मिळायला हवे. शिवाय मुंबईला देशांतर्गत विमान पहिल्या टर्मिनलवर उतरले आणि तिकिटे वेगवेगळी असली, तर सगळे सामान घेऊन रस्त्याने दुसऱ्या टर्मिनलवर जाणे आलेच. ज्यांचे सामान थोडे आहे, एकेक बॅग घेऊन जे जातात, त्यांनी हा तिसरा मार्ग जरूर तपासावा. आमच्याकडे एकेक बॅग घेऊन मुलीकडे जाण्याची पद्धत नाही.

चिपीच्या विमानतळाचा उल्लेख न करता पुढे गेलो तर मालवण-वेंगुर्ल्याकडचे वाचक रागावतील. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा मला वाटले होते की आता मुंबईचा प्रश्न सुटला. परंतु तिथल्या मुंबई विमानाचे दिवस आणि वेळा इतक्या वेळा बदलत गेल्या की आंतरराष्ट्रीय प्रवासाची पहिली कडी म्हणून मी ते हिशेबात धरत नाही.

परतीच्या प्रवासात तर हा फरक आणखी ठळक होतो. मे २०२३ च्या त्या खेपेला परतताना थेट विमानाने सकाळी साडेअकराच्या सुमारास मुंबईला उतरलो. आपल्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या अकरा-बाराच्या सुमारास सुटतात आणि सकाळी आठ-नऊला कुडाळला येतात. म्हणजे न्यूयॉर्क ते मुंबई साडेचौदा तास आणि मुंबई ते कुडाळ एकवीस तास. पृथ्वीची जवळजवळ एक-तृतीयांश फेरी जितक्या वेळात झाली, त्याच्या दीडपट वेळ कोकणात उतरायला लागला. देशांतर्गत विमानाने पुढे यायचे म्हटले, तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर काढावे लागते आणि पुन्हा द्यावे लागते. दोहामार्गे येताना ते पहिले ठिकाण मोपाच असते. आम्ही रात्री अडीच-तीनला तिथे उतरलो, चार बॅगा पट्ट्यावरून घेतल्या, आणि बांद्याच्या पुढे आलो तेव्हा पूर्वेकडे अजून उजाडले नव्हते. घरी येऊन शेजारणीला उठवायलाही संकोच वाटला, म्हणून चहा बिनदुधाचा प्यालो.

असे असले तरी दोहामार्गाची दुसरी बाजू लपवणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट, मोपाहून लांबच्या विमानांचे पर्याय थोडे आहेत. मुंबईत एक विमान रद्द झाले तर दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या वाटेचे काहीतरी निघते. मोपाला तसे झाले तर बहुधा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागेल, मग घर जवळ आहे एवढेच समाधान. दुसरी गोष्ट, मोपा पठारावर आहे आणि आषाढात पठारावर ढग उतरतात, तेव्हा विमाने अन्यत्र वळवण्याचे प्रसंग येऊ शकतात. तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट आखाताची. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, त्या वेळी कतारने आपले आकाश काही तास बंद ठेवले आणि जगभरच्या प्रवाशांची साखळी विस्कटली. असा प्रसंग आपल्या प्रवासाच्या रात्री यावा का, हे आपल्या हातात नाही. ज्यांना अशा शक्यतेनेच झोप लागत नाही, त्यांनी थेट विमान घ्यावे. त्यांना मी दोष देणार नाही. ज्यांचा थांबा दीड तासाच्या आत असेल, त्यांनीही हा मार्ग टाळावा किंवा पुढचे विमान घ्यावे, कारण पहिले विमान अर्धा तास उशिरा आले तरी दुसरे हुकू शकते. थांबा दोन ते चार तासांचा असावा असे माझे मत आहे.

अबुधाबीमार्गे जाण्याचा विचार असेल तर त्याची एक सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी तिथेच, विमानात चढण्यापूर्वी होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे सरळ बाहेर पडता येते. मी स्वतः त्या वाटेने गेलेलो नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

कोणत्या गावच्या माणसाने कोणता मार्ग घ्यावा, याची सीमारेषा मला साधारणपणे राजापूरच्या आसपास दिसते. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, कणकवली या भागांना मोपा जवळ आहे. देवगड आणि वैभववाडीचे लोकही दक्षिणेकडे वळले तर पस्तावणार नाहीत. रत्नागिरीकरांनी आपापल्या सामानाकडे आणि मुंबईत उतरायला कोण आहे याकडे पाहून ठरवावे. चिपळूण, खेड, दापोलीकडच्यांनी मात्र उगाच इतके खाली येऊ नये, त्यांना सकाळी निघून संध्याकाळपर्यंत मुंबई गाठता येते आणि माझा तो मधला दिवस त्यांच्या वाट्याला येत नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. पनवेलला आपल्या बहुतेक गाड्या थांबतात, तेव्हा तिथून अमेरिकेची थेट विमाने सुटू लागली तर आमच्यासारख्यांना डोंबिवलीचे तीन मजले तरी चढावे लागणार नाहीत, आणि तेव्हा ही तुलना मला नव्याने करावी लागेल.

पुढच्या वेळी नातवाच्या मुंजीसारखे काही कार्य नाही, घाई नाही, त्यामुळे तिकीट अजून काढलेले नाही. जावई थेट विमानाचे दर कळवत असतो आणि मी ते वाचतोही. परवा बाजारात आमचा तो गाडीवाला भेटला, तेव्हा मे महिन्यातली एखादी रात्र मोकळी ठेव, साडेअकराची वेळ, एवढे मात्र त्याला सांगून ठेवले आहे.